आक्कांच्या पाण्यातली चांदी मी चुकीची मोजली

अन्याय झाला तो धुळ्यात पैंजण उजळून देणाऱ्या एका आक्कांवर. यंदाच्या आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, चार दिवस आधी, सकाळी दहाला. आणि तो केला मी.

आखाजीला लेकी माहेरी येतात, घरोघरचे पैंजण-वाळे उजळायला निघतात. आक्कांचा वर्षाचा हंगाम तो. नेमकं तेव्हाच मी, प्रदूषणाविरुद्ध मोर्चे काढणारा कार्यकर्ता, आक्कांच्या गल्लीत पत्रक वाटलं: ‘तुमच्या गटारात विषारी चांदी!’ दुपारपर्यंत बायका आपापले पैंजण न उजळताच परत घेऊन गेल्या. मी खूश.

पुरावा होता ना! उजळायला तेजाबात, म्हणजे आम्लात, दागिना बुडवला की थोडी चांदी पाण्यात विरघळते. ती मोजायचं यंत्र मला जळगावच्या एका कॉलेजात, प्रयोगशाळेतल्या मॅडमनी शिकवलं होतं. आधी चांदीचं ठरलेलं प्रमाण घालून पाणी कालवायचं, त्यात यंत्राची कांडी बुडवून आकडा लिहायचा, मग आपला नमुना त्याच्याशी ताडायचा. आक्कांच्या गटारातलं पाणी माझ्या सगळ्यात कडक, म्हणजे सगळ्यात जास्त चांदी घातलेल्या, पाण्याच्या बरोबरीचं भरलं. बस्स, छापलं.

पत्रक घेऊन ऐटीत मॅडमकडे गेलो. त्यांनी वाचलं, चष्मा काढला.

“तुलनेचं पाणी कशात कालवलंस?”

“घरच्या बोअरच्या. स्वच्छ आहे मॅडम, आम्ही पितो.”

“तू पितोस म्हणून यंत्राला चालतं? अरे, बोअरच्या पाण्यात क्षार असतात. मिठाचा अंश चांदीला धरतो नि पांढरा साका करून खाली बसवतो. तू बाटलीवर लिहिलंस ‘कडक’, आत मोकळी चांदी उरलीच नव्हती. त्या रिकाम्या पाण्याशी तू त्या बाईला तोललंस!”

मी पत्रक घडी करून खिशात घातलं. त्या म्हणाल्या, “नवा नमुना आण. रविवारी उघडते मी.”

आक्का दारातच होत्या. मला येताना पाहून म्हणाल्या, “उना का पत्रकवाला भाऊ! चांदी गटारमा सोडाले मी येडी शे का?”

मागचा ड्रम उघडून दाखवला. धुवणाचं पाणी त्यात साठवायचं, मूठभर मीठ टाकायचं, तळाला दह्यासारखा बसलेला साका चांदी गाळणाऱ्याकडे द्यायचा. वरच्या निवळ पाण्यातलं तेजाब चुन्यानं मारून मगच ते गटारात. सासूच्या वेळेपासूनची रीत. माझ्या बोअरनं नकळत केलं तेच ही बाई रोज जाणून करत होती, आणि दोषी ठरली होती.

त्यांनी मला हाकललं नाही. त्याच निवळाची बाटली स्वतः भरून दिली. “बठ्ठं मोज. पन आते धड मोज.” सगळं मोज म्हणाल्या, पण या वेळी नीट.

रविवारी मॅडमनी शुद्ध पाण्यात सगळं पुन्हा कालवायला लावलं. एकदा नाही, तीनदा. तिन्ही वेळा आक्कांचं पाणी माझ्या सगळ्यात फिक्या, सगळ्यात कमी चांदीच्या, पाण्याच्याही खाली राहिलं.

एकीनं सुट्टीचा दिवस दिला, दुसरीनं आपल्याला बुडवणाऱ्यालाच बाटली भरून दिली. एवढं मोठं मन मला आमच्या कुठल्या मोर्च्यात दिसलं नाही. दोघींचे उपकार मी या नव्या पत्रकात छापून मान्य करतो.

पण माझ्या आभारानं आक्कांच्या दारात पैंजण येत नाहीत. गल्लीतल्या बायांनो, परत नेले होते ते तुम्ही, माझ्या एका कागदावर विसंबून. तेव्हा उद्या सकाळी तेच पैंजण घेऊन जा, आणि त्यांच्यासमोर उभं राहून म्हणा, “आक्का, आम्ही न विचारता मान डोलावली.”