करूळ घाटातला धूर

उचगावचा आकाराम कांबळे सतरा वर्षं दुसऱ्यांच्या गाड्यांवर राबला. एक्क्याण्णव साली क्लीनर म्हणून चढला, पुढं ड्रायव्हर झाला, आणि २००८ साली त्यानं स्वतःचा सहाचाकी ट्रक घेतला. जुनाच होता, आधीच्या मालकानं भरपूर पळवलेला. तरी घरात पहिल्यांदाच गाडी आली होती. त्यानं काचेवर ‘जय भीम’ लिहून घेतलं आणि कोकणातनं जांभा चिरा आणायचं काम धरलं.

वर्षभरात ट्रक चढाला दम टाकू लागला. मागं काळाकुट्ट धूर. गावातला निसार मिस्त्री त्याचा जुना दोस्त. त्यानं बॉनेट उघडून बघितलं आणि सांगितलं, “धूर कमी विषारी व्हावा म्हणून थोडा धूर परत इंजनात सोडतात, त्याचा हा व्हॉल्व्ह. काजळी बसून उघडाच अडकलाय. आता सगळा धूर आतच जातोय, इंजनाला हवाच न्हाय. दोन दिस गाडी ठेव.”

पावसाआधी चिऱ्याच्या खेपा उरकायच्या होत्या. पुढच्या आठवड्यात ठेवतो, असं आकाराम म्हणाला. असे पाच आठवडे गेले. निसारनं दुसऱ्यांदा सांगितलं तेव्हाही त्यानं तेच उत्तर दिलं.

मे महिन्यात एका सकाळी भरलेला ट्रक करूळ घाट चढत होता. गाडी माणसाच्या चालीनं सरकत होती. आरशात धुराशिवाय काही दिसत नव्हतं. वरून एक जीप उतरली, बाजूनं गेली, आणि मागं जोरात काहीतरी आदळलं. आकारामनं गाडी थांबवली, चाकाला दगड लावला आणि मागं पळाला. कठड्याला मोटारसायकल चेपली होती. तिच्याखाली सयाजी होता, गगनबावड्याच्या वाड्यावस्त्यांवर टपाल वाटणारा. ट्रकला मागं टाकायला तो धुरातनं बाहेर आला, समोर जीप दिसली आणि वाचायला कठड्यावर गेला. जीपवाल्यानं आणि आकारामनं त्याला उचललं. जीप त्याला घेऊन वर दवाखान्यात गेली.

पोलीस आले. त्यांनी पंचनाम्यात लिहिलं, खडीवरनं मोटारसायकल घसरली. पंच म्हणून आकारामची सही घेतली. धुराचं कुणी विचारलं नाही. तोही बोलला नाही.

त्याच दिवशी त्यानं ट्रक निसारकडं लावला. निसारनं व्हॉल्व्ह काढून त्याच्या हातात दिला. आतली दांडी काजळीत रुतून दगडासारखी झाली होती. नवा व्हॉल्व्ह बसला, धूर थांबला, ट्रक पुन्हा चढाला पळू लागला. आकारामचं जेवण मात्र तुटलं.

सयाजीचा उजवा गुडघा कायमचा ताठला, हे कळलं तेव्हा आकाराम त्याच्या घरी गेला. खाटेशेजारी उभं राहूनच त्यानं सगळं सांगितलं. व्हॉल्व्ह बिघडलाय हे पाच आठवडे ठाऊक होतं, हेही सांगितलं.

सयाजीनं ऐकून घेतलं. मग विचारलं, “मी सगळ्यांस्नी सांगत हुतो, धुरात काय दिसलं न्हाय म्हणून. माझं कुणी ऐकलं न्हाय. तू तर तिथंच हुतास. तवा का न्हाय बोललास?”



घरी येऊन आकाराम बायकोला, बायडाबाईला म्हणाला की ठाण्यात जाऊन खरा जबाब द्यायचा. लायसन गेलं तर दोन पोरींचं काय, असं तिनं विचारलं. मग चुलीतलं लाकूड आत सारत म्हणाली, “जावा. असं न जेवता किती दिस काढशीला?”

ठाण्यात हवालदारानं त्याला दोनदा परत पाठवलं. कागद मिटलेत, कशाला उकरून काढतोस, असं त्याचं म्हणणं. तिसऱ्या खेपेला आकाराम दारातच बसून राहिला, तेव्हा जबाब लिहून घेतला. खटला उभा राहिला. त्यानं गुन्हा कबूल केला, दंड भरला, सहा महिने लायसन गमावलं. ते महिने त्यानं निसारच्या गॅरेजमध्ये पाने-रिंच धुण्यात काढले.

त्या कबुलीमुळं सयाजीला ट्रकच्या विम्यातनं भरपाई मिळाली. पण वाड्या फिरणं संपलं. तो आता टपाल कचेरीत खुर्चीवर बसून शिक्के मारतो. आकाराम एकदा मुद्दाम मनीऑर्डर करायला तिथं गेला. सयाजीनं मान वर न करता फॉर्म घेतला, शिक्का मारला, पावती पुढं सरकवली आणि मागच्या माणसाला हाक दिली.