तबकडी साफ झाली

त्याचं कवळ्या बनवण्याचं दुकान उठलं, तेव्हा त्यानं तिथून एकच वस्तू घरी आणली: कवळ्या धुण्याचं अल्ट्रासोनिक यंत्र. दिसायला साधं स्टीलचं टाकं. बटण दाबलं की पाणी बारीक थरथरतं आणि फटीफटीतला मळ सुटा होतो. त्यानं टाक्यावर आडवी दांडी बसवली, दांडीला छोटी मोटर जोडली. आता स्वयंपाकघरातल्या टेबलावर तो लोकांच्या जुन्या गाण्यांच्या तबकड्या धुतो. तबकडी अर्धी कोमट पाण्यात, सावकाश फिरत राहते. पाण्यात थोडं स्पिरिट आणि साबणाचा थेंब. पुसायचं काम बायकोचं. दोघांचं बरं चाललं होतं.

बायकोची थोरली बहीण त्याला ‘कवळीबुवा’ म्हणायची. लग्नातच म्हणाली होती, “धाकटीनं नवरा शोधला तोही दुसऱ्यांच्या दातांवर जगणारा!” सगळ्यांनी दात काढले. तोही हसला. ते हसू त्याला अजून पचलेलं नाही.

परवा दुपारी थोरली स्वतःच तबकडी घेऊन आली. वडिलांच्या आवाजाची. कुठल्याशा प्रदर्शनात एक खोली होती, आत जाऊन बोलायचं आणि बाहेर येताना तबकडी हातात. पुढे लवकरच ते गेले. धाकटी तेव्हा पाळण्यात होती. तबकडी थोरलीच्या कपाटात राहिली. धाकटी वेंधळी, फोडून ठेवेल म्हणून तिला कधी ऐकवलीसुद्धा नाही.

“शेवटी तुझंच नाव घेतात गं,” थोरली म्हणाली. “आता नुसती खरखर येते. म्हटलं, कवळीबुवांकडून बुचकळून घ्यावी.”

बायकोनं हात पुसले आणि खुर्ची ओढून टाक्याला चिकटून बसली.

त्यानं तबकडी उजेडात धरली. मधल्या भोकाच्या कडेला धातू चमकला. कारखान्यातली तबकडी आरपार प्लास्टिकची असते. ही ॲल्युमिनियमचा पत्रा, वर काळ्या रोगणाचा थर. आवाज काय तो त्या थरात. कोमट पाणी आणि स्पिरिट लागलं की थर सुटतो. असल्या तबकड्या तो दारातूनच परत करायचा. “ही भिजवायची नसते” हे वाक्य ओठांवर आलंही होतं.

“जपून हं,” मेहुणी म्हणाली. “दात नाहीत ते, पडले तर दुसरे बसवायला!”

त्यानं वाक्य गिळलं.

“अहो, साफ होईल ना?” बायकोनं विचारलं.

“एकदम साफ,” तो म्हणाला, तबकडी दांडीवर चढवली आणि बटण दाबलं.

काळी साय आधी सुरकुतली, मग तिचे पापुद्रे सुटून पाण्यावर तरंगू लागले. थोरली किंचाळली. त्यानं सावकाश यंत्र बंद केलं. दांडीवर लख्ख पत्रा उरला होता.

“जुनी होती. तग धरला नाही,” तो म्हणाला आणि मेहुणीच्या तोंडाकडे पाहत राहिला. तिची दातखीळ बसली होती. त्याला बरं वाटलं. बायकोकडे त्यानं पाहिलं नाही.

बायकोनं टाक्यात हात घालून पापुद्रे तळहातावर गोळा केले. ते आपसांत चिकटले.

“ताई, शेवटी बाबा काय म्हणायचे गं? तू ऐकलंयस. एकदा त्यांच्यासारखं म्हणून दाखव ना.”

थोरलीनं पर्स खांद्याला अडकवली. “मला काय विचारतेस? विचार नवऱ्याला,” म्हणाली आणि जिना उतरून गेली.

बायको त्याच्याकडे वळली. त्यानं टाक्याची तोटी उघडली आणि काळं पाणी बादलीत सोडलं.