घरची सही

सरोजिनी साटम तरुणपणी कबड्डी खेळायची ती डाव्या कोपऱ्यावर, आणि तिच्या हातात घोटा सापडलेली मुलगी मधल्या रेषेपर्यंत परत गेली, असं सहसा व्हायचं नाही. तिने दोघींचे दात पाडले होते, एकीच्या गळ्याजवळचं हाड मोडलं होतं आणि स्वतःची करंगळी कायमची वाकडी करून घेतली होती. हे सगळं ती भाजी निवडता निवडता सांगायची, तेही कुणी विचारलं तर. आता कोण विचारणार? अठ्ठावन्न वर्षांची, गोखिवऱ्यात दुसऱ्या मजल्यावर राहणारी, डब्यांच्या कारखान्यात पॅकिंग करून निवृत्त झालेली आणि गुडघे दुखतात म्हणून कठड्याला धरून जिना चढणारी बाई ती.

नवरा विलासही कबड्डीवालाच. तो चढाईला गेला की समोरचे सातही जण मागे सरकायचे. घरात मागे सरकायला जागा नव्हती. एका खोलीच्या आणि स्वयंपाकघराच्या संसारात भिंत लगेच पाठीला लागते. संघ हरला की तो मारायचा आणि जिंकला की पिऊन मारायचा. कधी पट्ट्याने, कधी हाताला लागेल त्याने. मैदानावर भल्याभल्यांना आडवं करणारी सरोजिनी घरात मात्र हात उचलत नसे. नवऱ्यावर हात उचलायचा नसतो, एवढं तिच्या डोक्यात पक्कं बसवलेलं होतं. या मूर्खपणाची तिला आता भयंकर चीड येते.

तालुक्यात क्रीडासोबती नावाचं मंडळ आहे. सभासद सहा आणि मतं आठ, असा कारभार. दर महिन्याला ते दोन मानकरी निवडतात, एक व्यावसायिक खेळाडू आणि एक हौशी. दोघांना शाल आणि ढाल, शिवाय नाक्यावरच्या फलकावर महिनाभर फोटो. फोटोचं काय एवढं, असं म्हणू नका. त्या फलकामुळे कुणाला बँकेच्या संघात नोकरी लागली, कुणाची अडलेली सोयरीक जमली.

या मंडळाचा एक नियम मात्र जगावेगळा आहे. एका वर्षी एका मानकऱ्याने स्टेजवर शाल घेतली आणि त्याच दिवशी घरी जाऊन आईला जिन्यावरून ढकललं. मंडळाची अब्रू गेली. मग सचिव क्लेमेंट सरांनी, म्हणजे उमेळ्याच्या निवृत्त पीटीच्या मास्तरांनी, फॉर्ममध्ये एक ओळ घातली: ‘सदर खेळाडूचे घरातील वर्तन चांगले आहे.’ खाली घरातल्या वडीलधाऱ्या बाईची सही. सर स्वतः घरी येतात, चहा घेतात आणि समोर सही घेतात. हेतू अगदी सोन्यासारखा. फक्त एवढं साधं सरांच्या लक्षात आलं नाही की ते चहा पिऊन निघून जाणार आणि ती बाई त्याच माणसाबरोबर राहणार. त्यामुळे इतक्या वर्षांत एकाही फॉर्मवर सही अडलेली नाही. मंडळ यावर भलतंच खूश होतं.

बारा वर्षांपूर्वी विलासचा फॉर्म आला, हौशी गटातला. सरोजिनीचं उजवं मनगट तेव्हा प्लास्टरमध्ये होतं. तिने डाव्या हाताने सही केली.

“पडलात वाटतं?” सरांनी विचारलं.

“हो, मोरीत घसरले.”

सरांनी बशीत चहा ओतला आणि पावसापाण्याचं बोलायला लागले. बारा वर्षांचा हर्षवर्धन दारात उभा राहून सगळं बघत होता. पुढे विलास दारूने गेला. सरोजिनीला वाटलं, सुटलो.

सुटले कुठले! हर्षवर्धन आता चोवीस वर्षांचा होता आणि कंत्राटावर, पैसे घेऊन खेळायचा. चढाई बापापेक्षा सरस. या महिन्यात एका अंतिम सामन्यात त्याने एकट्याने सतरा गुण काढले, आणि व्यावसायिक गटाचा मान त्याला मिळणार हे ठरल्यातच जमा झालं. समारंभाला एका मोठ्या कंपनीचे संघनिवड करणारे साहेब येणार होते. कायमच्या नोकरीचं बोलणं जवळपास झालेलं होतं. राहिली होती ती घरची सही.

त्याची बायको आर्या वसईच्या एका लॅबमध्ये रक्त तपासायची. लग्नाला चौदा महिने झाले होते. पहिल्यांदा बंद दाराआडून तिचं ओरडणं ऐकू आलं तेव्हा सरोजिनीने टीव्हीचा आवाज वाढवला. हे तिने केलं, आणि तिची कितीही बाजू घेतली तरी हे झाकता येणार नाही. दुसऱ्या दिवशी आर्या भर मे महिन्यात लांब बाह्यांचा ड्रेस घालून कामाला गेली, तेव्हाही सासू काही बोलली नाही.

समारंभाच्या आधीच्या रविवारी सर येणार होते, चर्चमधली मिस्सा आटोपून अकरापर्यंत. दहा वाजता फॉर्म टेबलावर साखरेच्या डब्याखाली ठेवलेला होता. सरोजिनी पोहे भिजवत होती. आर्या ओट्यापाशी कांदा चिरत होती. ती हळूच म्हणाली, “आई, सही करायच्या आधी ती ओळ एकदा मोठ्याने वाचाल का? मला ऐकायचीय.”

हर्षवर्धन दाराशी बुटांच्या नाड्या बांधत होता. त्याने ऐकलं. “काय ऐकायचंय तुला?” म्हणत तो आत आला, आणि दुसरा शब्द न बोलता त्याने तिच्या पोटात लाथ घातली. मॅटवर गडी बाद करताना मारतात तशी, सरळ आणि मोजून. आर्या ओट्याच्या कडेवर आदळली. भुवई फुटली आणि रक्त डोळ्यातून गालावर आलं. त्याने तिला केसांना धरून उभी केली आणि तिचं तोंड भिंतीवर आपटलं. एकदा, मग परत. “माझी नोकरी घालवतेस? घालवतेस?” पांढऱ्या टाइल्सवर लाल पट्टे उठले. ती खाली कोसळली तेव्हा त्याने पुन्हा पाय मागे घेतला, या वेळी तिच्या डोक्यासाठी.

सरोजिनी जमिनीवर कधी आली ते तिलाच कळलं नाही. गुडघे फरशीवर आदळले, दोन्ही हात पुढे गेले आणि त्याचा मागचा घोटा तिच्या मुठीत आला. तिने तो छातीशी ओढला आणि खांदा त्याच्या नडगीवर घातला. हर्षवर्धन तोंडावर पडला. दात फरशीवर वाजले.

“आई, सोड!”

तिने सोडलं नाही. त्याने दुसऱ्या पायाने तिच्या खांद्यावर, मग कानशिलावर लाथा मारल्या. कानात शिट्टी वाजायला लागली, तोंडात रक्ताची चव आली. मैदानावर पंच असतो, तो शिट्टी मारतो आणि पकड सुटते. इथे कोण मारणार? तिने घोटा बाहेरच्या बाजूला पिळला. तो किंचाळला. “आई गं, मोडेल! आई, पाय मोडेल माझा!” तिला स्वच्छ ऐकू येत होतं. हाच पाय तिने तेल लावून चोळला होता, याच पायाला पहिले बूट तिने ओव्हरटाइम करून घेतले होते. तिने सगळं वजन टाकलं. काहीतरी आत तुटल्याचा आवाज आला, आणि मग तो नुसता लहान मुलासारखा रडायला लागला.

सर आले तेव्हा दार उघडंच होतं. आर्या भिंतीला टेकून बसली होती, डोळ्यावर लावलेला टॉवेल लाल झाला होता. हर्षवर्धन फरशीवर पडून पाय धरून विव्हळत होता. त्याचा घोटा भलत्याच बाजूला वळलेला होता.

“अरे देवा! ताई, हे काय?”

“बसू नका, सर. चहा नाही आज.” तिने डब्याखालचा फॉर्म काढून कोराच त्यांच्या हातात दिला. “सही होणार नाही.”

“सर, हिला वेड लागलंय,” हर्षवर्धन ओरडला. “माझं करिअर संपवलं हिने!”

सर आर्याकडे बघेनात. हळू आवाजात म्हणाले, “ताई, डोकं शांत होऊ दे. मी दुपारी येतो. पोराच्या आयुष्याचा प्रश्न आहे.”

“बारा वर्षांपूर्वी माझं मनगट कुणी मोडलं होतं, सर? तुम्हाला माहीत होतं ना?”

सरांनी चष्मा काढला, पुसला आणि तसाच हातात धरून ठेवला. मग म्हणाले, “माहीत होतं.”

“मग आता दोन रिक्षा बोलवा. एकीतून याला दवाखान्यात न्या, तुम्ही स्वतः. दुसरीतून आम्ही जातो.”

सर फॉर्मची घडी खिशात घालून रिक्षा बोलवायला जिना उतरले.

दवाखान्यात आर्याच्या भुवईला सात टाके पडले. तिथून दोघी पोलीस चौकीत गेल्या. महिला हवालदार वयाने आर्याएवढीच होती. तिने सगळं नीट विचारलं: लाथ कुठे मारली, भिंतीवर किती वेळा आपटलं, याआधी कधी. आर्याने तारखा सांगितल्या. तिने त्या मोबाइलमध्ये लिहून ठेवल्या होत्या. बाजूच्या टेबलावरचा हवालदार नाव ऐकून वळला. “हर्षवर्धन साटम? तो रेडर? चांगला खेळतो हो.”

“खेळतो,” सरोजिनी म्हणाली. “आता खेळणार नाही. त्याचा पाय मी मोडलाय. तेही लिहा.”

“मावशी, तुमच्यावरच उलटेल ते.”

“उलटू दे. झालं ते सगळं लिहा. मी त्याचा घोटा आज धरला. चौदा महिने आधी धरायला हवा होता.”

हवालदारबाईने लिहिलं आणि कागद तिच्यापुढे सरकवला. साक्षीदार म्हणून सरोजिनीने पूर्ण नाव घालून सही केली. 

“आरोपीशी तुमचं नातं?”

 इतका वेळ घडाघडा बोलणाऱ्या सरोजिनीने दोनदा तोंड उघडलं, मग ते पदराने झाकून घेतलं. सकाळपासून पहिल्यांदाच ती रडायला लागली, आणि ते तिला आवरेना.

शेवटी आर्याने सांगितलं.