बारा वाट्यांचं घड्याळ

आमच्या फ्रिक्वेन्सीकाकांना वेळ विचारायची नाही, हा कॉलनीतला अलिखित नियम होता. नव्या बिऱ्हाडाला तो माहीत नसायचा. कुणी सहज म्हणून जायचं, "किती वाजले हो?" आणि काका मनगटाकडे न बघता उलट विचारायचे, "कोणत्या घड्याळाप्रमाणं?" मग पुढची पाच मिनिटं गेलीच म्हणायची. "हातातलं म्हणतंय दहा. भिंतीवरचं म्हणतंय पावणेदहा. आज फ्रिक्वेन्सी लय खाली हाय, म्हणून ते मागं पडलंय. तुम्हाला बस गाठायचीय का देवापुढं दिवा लावायचाय?" विचारणारा बस चुकवूनच परत यायचा.

काका एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कंट्रोल रूममध्ये होते. मूळचे पिंपळगाव बसवंतच्या बाजूचे. भाऊ द्राक्षाच्या बागेत आणि हे वीज बनवण्यात. माझे यजमानही त्याच केंद्रात, त्यामुळे आम्ही आधी कॉलनीत शेजारी होतो आणि निवृत्तीनंतर जेलरोडला भिंतीला भिंत लावून घरं घेतली. मी शाळेत भूगोल शिकवायचे, म्हणून काकांच्या तोंडी मी कायम 'मास्तरीणबाई'.

त्यांच्या दिवाणखान्यात थेट विजेवर चालणारं एक जुनं घड्याळ होतं. विजेचा ठोका सेकंदाला पन्नास. त्या ठोक्यावरच त्याचे काटे फिरत. विजेची मागणी फार वाढली की हा ठोका मंदावतो. त्या काळी असं नेहमी व्हायचं आणि मग ते घड्याळ दिवसाला वीस-पंचवीस मिनिटं मागं पडायचं. मी एकदा म्हटलं, "काका, दुरुस्त तरी करा." तर म्हणाले, "बिघडलंय कुठं? सगळ्या शिवारात आत्ता पंप चालू झालेत, ते सांगतंय ते. तुमचं घड्याळ सांगतं का हे?" त्यांचं फ्रिक्वेन्सीकाका हे नाव या घड्याळामुळंच पडलं.

घड्याळानं वेळ दाखवावी यात त्यांना काही विशेष वाटत नसे. "दाखवंना का. कसं दाखवतंय ते बघा," हे त्यांचं पालुपद. न्हाणीघरात आरशासमोर उलट्या आकड्यांचं, उलटं फिरणारं घड्याळ. दाढी करताना आरशात ते सुलट दिसायचं. एका केशकर्तनालयात असं घड्याळ बघून ते इतके खूश झाले की अर्धी हजामत सोडून खुर्चीतून उठले होते म्हणे. रात्री दिवे मालवून मेणबत्तीला अंतराअंतरानं टाचण्या खोचून खाली ताटली ठेवायचे. मेण वितळत आलं की टाचणी टण्णकन ताटलीत पडायची आणि काका विजयी मुद्रेनं म्हणायचे, "वाजला एक!" पूर्वी परदेशात दुपारी बाराला भिंगातून ऊन पडून आपोआप उडणारी छोटी तोफ असायची, हे वाचल्यावर त्यांना गच्चीवर तसली तोफ हवी झाली. त्या वेळी मात्र काकूंनी आणि सोसायटीच्या सेक्रेटरींनी एकत्र येऊन ती योजना हाणून पाडली.

त्यांची सगळ्यात मोठी फजिती पुतणीच्या लग्नात झाली. मुहूर्त मोबाइलवर बघायचा म्हणजे काय, असं म्हणून ते पिंपळगावला घटिकापात्र घेऊन गेले. हे म्हणजे बुडाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी. घंगाळातल्या पाण्यावर सोडली की हळूहळू भरत जाते आणि बरोबर चोवीस मिनिटांनी बुडते. एकेकाळी लग्नं अशीच लागत. घरी आठवडाभर त्यांनी वाटी पारखून घेतली होती. पण मांडवात शेजारीच डीजे होता. त्याच्या दणक्यानं घंगाळातलं पाणी उसळून वाटीत शिरायला लागलं आणि आठ मिनिटं आधीच वाटी बुडाली. काका ओरडले, "मुहूर्त झाला!" नवरदेव अजून पारावरच होता. गुरुजींनी शांतपणे मोबाइल काढला. परतीच्या वाटेवर चांदोरी आली तेव्हा काका एकदम म्हणाले, "वाटी नाय चुकली. त्या काळी डीजे नव्हता, एवढंच."

काकूंना या सगळ्याचं कौतुक होतं असं म्हणवत नाही. त्या स्वतःच घड्याळाला बांधलेल्या होत्या. काकांची पहिली पाळी, दुसरी पाळी, रात्रपाळी. प्रत्येक पाळीचा डबा त्यांनी कधी पाच मिनिटं उशिरा दिला नाही. अशा बाईची नजर साठीनंतर साखरेच्या आजारानं गेली. आधी अक्षरं, मग माणसांचे चेहरे, आणि एका उन्हाळ्यात भिंतीवरचे काटेही दिसेनासे झाले.

काकूंचा एक स्वभाव मला तेव्हा कळला. त्या कुणालाही वेळ विचारायच्या नाहीत. मेल्या तरी विचारणार नाहीत. कुंपणाशी येऊन म्हणायच्या, "साडेचार झाले, दूधवाला आला नाय अजून." मी म्हणायचे, "पावणेपाच झाले की काकू, दांडी मारलेली दिसते त्यानं." त्यांचं काम झालेलं असायचं. आपण विचारलं नाही आणि समोरच्यानं सांगितलं नाही, असं दोघींनी मानायचं. काकांनाही हे ठाऊक होतं. "तिनं विचारलं की मी सांगीन वो, पण ती विचारतच नाय," ते एकदा मला म्हणाले.

त्यात त्यांच्या मुलानं, विलासनं, पुण्याहून फोनवर फोन सुरू केले. डोळ्यांत थेंब दिवसातून चार वेळा, गोळ्या जेवणाआधी ठरल्या वेळी. आईला एक दिवसही एकटं सोडता येत नाही, तेव्हा घर विका आणि दोघंही इकडं या. मुलगा वाईट नाही, त्याचं म्हणणंही खोटं नव्हतं. पण काकू या घरातलं प्रत्येक दार, प्रत्येक फडताळ हातानं ओळखत होत्या. पुण्यातल्या सातव्या मजल्यावर त्यांना पुन्हा पहिलीपासून सुरुवात करावी लागली असती. "तिकडं मी खरी आंधळी होईन," त्या म्हणाल्या. काकांनी ते ऐकलं, आणि तेव्हापासून त्यांची घड्याळं नुसती हौस राहिली नाहीत.

पहिलं आलं ते बोटांनी चाचपायचं, उठावाच्या टिंबांचं घड्याळ. पण साखरेनं काकूंच्या बोटांची टोकं बधिर झालेली. टिंब कोणतं आणि काटा कोणता हे कळेना. मग विलासनंच बोलणारं घड्याळ पाठवलं. कळ दाबली की एक बाई ठणठणीत आवाजात हिंदीत वेळ सांगायची. काकूंनी ते दोन दिवसांत कपाटात टाकलं. "मी वेळ विचारली हे साऱ्या गल्लीला कळतं," त्या म्हणाल्या. मग काकांना चिनी लोकांची युक्ती आठवली. ते उदबत्तीवर वेळ मोजत, तास बदलला की वास बदलायचा. काकांनी दर तासाची वेगळी उदबत्ती ठरवली. अडचण अशी झाली की आधीचा वास घरातून जाईचना. दुपारी दोनला त्या घरात अकरा, बारा, एक आणि दोन सगळे एकदमच वाजलेले असायचे. काकू शिंकून शिंकून बेजार झाल्या.

एक दिवस काका कुंपणाशी आले ते डोळे चमकवतच. "मास्तरीणबाई, फ्रान्समध्ये पूर्वी एक गृहस्थ होता. अंधारात वेळ कळावी म्हणून त्यानं घड्याळाच्या आकड्यांच्या जागी मसाले ठेवले होते. काटा चाचपायचा, बोट बुडवायचं, चाटायचं. लवंग लागली की अमकं, दालचिनी लागली की तमकं! बोटं गेली हिची, पण जीभ कुठं गेली?"

पंधरा दिवस त्यांच्या मागच्या खोलीतून खटखट ऐकू येत होती. तयार झालं ते परातीएवढं आडवं लाकडी घड्याळ. मिनिटकाटा नाहीच. तासकाटा लाटण्यासारखा जाड, म्हणजे तळव्यालाही लागावा. आणि कडेनं बारा चिमुकल्या वाट्या. एकला ओवा, दोनला मेथी, चारला लवंग, सहाला सुंठ, आठला हिंग, बाराला नखाएवढा गूळ. काटा दोन वाट्यांच्या मधे असला तर दोन्ही चाखायच्या. ओवा आणि मेथी दोन्ही लागलं की दीड. पहिल्या दिवशी काकूंनी चाखलं, तोंड वाकडं केलं आणि म्हणाल्या, "दोन वाजायच्या आत काही तरी गोड ठेवायचं होतं." पण संध्याकाळी त्यांनी कुंपणाशी येऊन दूधवाल्याचा विषय काढला नाही. मी वाट बघत होते. आठवड्याभरानं काकांची तक्रार आली, "काल हिनं चार वाजले ते आमटीत घातले." लवंगा संपल्या होत्या, काकूंनी हाताशी होत्या त्या घेतल्या.

खरी परीक्षा पुढच्या थंडीत झाली. काकांचं हर्नियाचं ऑपरेशन ठरलं, तीन दिवस दवाखान्यात. विलास तिथं त्यांच्याजवळ राहणार होता. आई घरी एकटी राहिली आणि तिचे थेंब-गोळ्या चुकल्या नाहीत, तर पुण्याचा विषय पुन्हा काढणार नाही, असं त्यानं बापाला कबूल केलं. मलाही काका जाताना बजावून गेले, "मदत करू नका. लय झालं तर हाक मारील ती."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काकू कुंपणाशी आल्या. "चार वाजता एवढी पोरं कशी काय खेळायला आली आज?" मी घड्याळ बघितलं. सहा वाजले होते. मदत करायची नव्हती, पण खोटं कसं बोलणार? म्हटलं, "काकू, सहाला येतात तशीच आलीत."

चारचे थेंब चुकले होते हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. मग त्यांनी विचारलं, "दुपारी वीज गेली होती का?" गेली होती. अकरा ते एक, दुरुस्तीसाठी. थंडीचे दिवस, पंखे बंद, काकू मागच्या अंगणात मेथी निवडत बसलेल्या. त्यांना कळलंच नव्हतं. आणि काकांनी ते घड्याळ चालवलं होतं थेट घरच्या विजेवर. बॅटरी लावलीच नव्हती. आयुष्य अशा कॉलनीत गेलं जिथं वीज जातच नसे.

काकू हसायला लागल्या. कुंपणाला धरून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या. "तीस वर्षं वीज बनवली ह्या माणसानं, अन् घरातली वीज जाते हे नाय कळलं!" मग पदरानं डोळे पुसले, आत गेल्या. मी मागोमाग दारापर्यंत गेले. त्यांनी तळव्यानं काटा धरला, नेटानं पुढं सरकवला, एक वाटी सोडून पुढच्या वाटीत बोट घालून चाखलं. "सुंठ," म्हणाल्या. दवाखान्यात स्वतःच फोन लावला आणि मुलाला सांगितलं, "दुपारी वीज गेली, घड्याळ थांबलं होतं. चारचे थेंब आत्ता सहाला घालतेय, डॉक्टरांना विचार चालतील का." लपवलं नाही. विलास विचारून आला. मग म्हणाला, "चालतील म्हणतात, आई." चूक कुणाची हे त्यालाही कळलं असावं, कारण मागून काकांचा ओशाळलेला आवाज येत होता, "बॅटरी, बॅटरी..." पुण्याचा विषय त्यानं नंतर काढला नाही.

मागच्या वर्षी काका गेले. न्याहारी करून खुर्चीत बसले, ते बसलेच. डॉक्टरांनी आपल्या मोबाइलमध्ये बघून कागदावर वेळ लिहिली. विलास काकूंना पुण्याला घेऊन गेला आणि महिन्याभरानं त्यांच्याच हट्टापुढं हात टेकून त्यानंच परत आणून सोडलं. मला काकांची आठवण येते ती बहुतेक अशा एखाद्या वेळी, जेव्हा काही तरी विचित्र वाचायला मिळतं आणि कुंपणापलीकडं सांगायला कुणी नसतं. फार एकटं वाटतं तेव्हा.

मसाल्याचा वास उडून जातो, म्हणून वाट्या दर पंधरा दिवसांनी भराव्या लागतात. ते काम काका करत. आता मी करते. पहिल्यांदा भरायला बसले तेव्हा पाचची वाटी रिकामी दिसली. संपलं असेल म्हणून मी तीत जिरं घातलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काकूंनी मला बोलावलं. "पाचला काय घातलंस गं?"

"जिरं. रिकामी होती वाटी."

"ती रिकामीच असती. पाचचा चहा ते करायचे. कप हातात दिला की पाच वाजले. म्हणून त्या वाटीत कधी काही घातलंच नाय त्यांनी."

मी वाटी हातात घेतली. विचारलं, "मग आता काय घालू, काकू?"

"काही नको," त्या म्हणाल्या. "जिभेला काहीच लागलं नाय, की कळतं मला, पाच वाजले."

मी जिरं काढून घेतलं आणि वाटी पुसून कोरडी केली.