उजव्या हातावरचा नवल

रुपचंद आबांचा प्रेमराज हल्ली गुजरातेत एका बंदराच्या फाटकावर उभा असतो. अंगात केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाची खाकी, समोर ट्रकांची रांग, आणि पाठीमागे समुद्र. पाठ समुद्राकडे असते, ही जागा त्यानं मागून घेतलेली आहे असं त्याच्याबरोबरचे जवान म्हणतात.

नेमणुकीची बातमी आली तेव्हा आबांनी दोंडाईच्याहून पेढे आणले. आमच्याकडची पोरं पोलिसात जातात, फार तर मिलिटरीत. केंद्राच्या दलात, तेही समुद्रावर, म्हणजे गावाला चघळायला महिनाभराचा ऐवज. पण पेढा तोंडात टाकता टाकता शेजारची तानुबाई म्हणाली, आपली तापी समुद्राला तिकडेच जवळपास कुठंतरी मिळते ना? झालं. ओट्यावरच्या बायकांचे जबडे जागच्या जागी थांबले. भागाबाई, म्हणजे प्रेमराजची आई, पेढ्यांचं खोकं घेऊन आत निघून गेली.

तानुबाई खोटं बोलत नव्हती, हीच तिची अडचण. तिच्या जिभेला हाड नाही हे गाव जाणून आहे, पण त्या घराबद्दल जे ती बोलायची ते सगळ्यांच्याच मनात होतं.

भागाबाईला जुळे झाले होते, प्रेमराज आणि नवल. इतके सारखे की आबा मिरची मार्केटातून थकून आले की एकाच पोराला दोनदा खाऊ देऊन मोकळे व्हायचे आणि दुसरा भोकाड पसरायचा. नवल जन्मला तेव्हा अशक्त होता, म्हणून त्याचे केस नवसाचे राखलेले. गाव त्यांना ओळखायचं ते त्या वेणीवरून. आईसुद्धा बहुतेक वेणीवरूनच, पण हे तिनं तेव्हा कबूल केलं नसतं.

पोरं चार वर्षांची झाली तेव्हा तापीकाठच्या प्रकाशा गावी नवस फेडायला नेली. नवलची वेणी उतरली. ते पाहून प्रेमराजनं माझंही डोकं कर म्हणून असा आकांत मांडला की न्हाव्यानं हसत हसत त्याच्याही डोक्यावरून वस्तरा फिरवला. मामानं दोघांना एकाच ठाणातल्या कापडाचे सदरे शिवून आणले होते. दोन गुळगुळीत डोकी, दोन पिवळे सदरे. पाहुणे हसून हसून बेजार झाले. पंगतीची वाढप चालू झाली आणि पोरांवरची नजर ढळली. एकाला कोळ्यानं काठाजवळून ओढून काढलं. दुसरा तिसऱ्या दिवशी पार खाली सापडला, आणि आईला दाखवलाच नाही.

वाचलेल्याची वाचा गेली होती. कितीतरी महिने तो बोललाच नाही. नुसता पाहायचा. कुणी प्रेमराज म्हटलं तरी वळायचा, नवल म्हटलं तरी वळायचा. शेवटी शाळेत नाव घालायची वेळ आली तेव्हा आबा म्हणाले, हा प्रेमराज. अशक्त होता तो गेला, बळकट होता तो राहिला. पुरुषमाणसाचा हिशेब. मास्तरांनी तेच लिहिलं.

भागाबाई वाद घालायला गेली नाही. त्या वर्षी दत्तजयंतीला ती पोराला घेऊन सारंगखेड्याच्या यात्रेला गेली. लोक घोडे बघत होते, ही गोंदणाऱ्याच्या पुढ्यात बसली आणि पोराच्या उजव्या मनगटाच्या वर ‘नवल’ गोंदवून आली. उजव्याच का, असं आबांनी विचारलं. ती म्हणाली, उजव्या हातानं जेवतो, म्हणजे घास त्यालाही पोचेल.

तानुबाईला एवढं पुरलं. तिनं पाणवठ्यावर जाहीर केलं, “बुडना तो परेमराज, अन् ऱ्हायना तो नवल. मायले माहीत शे.”

असा हा पोरगा वाढला. शाळेत चिडवायला पोरांना आयतं साधन. हजेरी झाली की मागून कुणीतरी म्हणायचं, सर, नवलची राहिली. तो मारामारी करायचा नाही, बाही ओढून घ्यायचा. उन्हाळ्यातही पूर्ण बाहीचा शर्ट. बसनं तापीचा पूल आला की डोळे मिटायचा. एकटा असला की कुणाशी तरी जागा वाटून घेतल्यासारखा बाकाच्या कडेला बसायचा, हे मात्र त्याला स्वतःला ठाऊक नव्हतं. ते भटूनं, त्याच्या मित्रानं, सांगितलं तेव्हापासून तो मुद्दाम मधोमध बसू लागला, आणि मग त्याला बसवेना.

बारावीनंतर भरतीचं वेड लागलं. गावापासून लांब जायचं, जिथं वर्दीवर एकच नाव शिवलेलं असतं, एवढंच त्याला हवं होतं. दोंडाईच्यात अभिमन सर म्हणून दलातून निवृत्त झालेले गृहस्थ पोरांना तयार करतात. माणूस प्रेमळ, पण शिव्या दिल्याशिवाय त्यांचं प्रेम बाहेर पडत नाही. प्रेमराज धावण्यात पहिला, लेखीतही पास. एके दिवशी सरांनी सॅल्यूट करून दाखव म्हटलं. हात वर गेला, बाही खाली घसरली, आणि सरांचा चेहरा उतरला.

“हे डाव्या हाताला असतं तर चाललं असतं रे,” ते म्हणाले. “सॅल्यूटच्या हातावर चालत नाही. मेडिकलला बाहेर काढतील. जा धुळ्याला, लेसरनं काढून घे. अजून वेळ आहे.”

सरांच्या दृष्टीनं ती एक चार अक्षरी सूचना होती. त्यांना काय माहीत.

प्रेमराज घरी आला आणि आईला सांगितलं. भागाबाई भाकरी थापत होती, थापतच राहिली. मग म्हणाली, नको ती नोकरी. आबा एरवी मिरचीच्या खकाण्यानं खोकण्यापलीकडे आवाज न काढणारे, ते त्या दिवशी तिच्यावर ओरडले. पोराचं आयुष्य घालवशील का एका मेलेल्यापायी? घरात अबोला पडला. तानुबाईनं भिंतीला कान लावून लावून कान लाल करून घेतला म्हणतात, पण ऐकू येण्यासारखं काही नव्हतंच.

मेडिकलला काही महिनेच उरले. शेवटी एका दुपारी, आबा मार्केटात असताना, प्रेमराजनं आईला तो प्रश्न विचारला जो गावानं पंधरा वर्षं तिच्या पाठीमागे विचारला होता. मी कोण आहे? तू तर ओळखत असशील. मी प्रेमराज असेन तर हे नाव माझं नाही, काढू दे. आणि नवल असेन तर तसं सांग.

भागाबाईनं त्याचा हात आपल्या हातात घेतला. अक्षरांवरून अंगठा फिरवला.

“खरं सांगू तुले?” ती म्हणाली. “कोन गया ते माले बी माहीत नही.”

ती सांगत गेली. काठावर त्याला कवटाळलं तेव्हा तिनं डोक्यावरून हात फिरवला, वेणी शोधली, आणि वेणी नव्हती. त्यानंतर ती रोज वाट पाहत होती, की हा काहीतरी असं करील ज्यावरून कळेल. हा काही करीना. मग बापानं एक नाव कागदावर घातलं, तिनं दुसरं हातावर घातलं. जो कुणी असेल तो राहील. आता हातावरचं काढलं आणि हा नवलच असला, तर आईनं दोन्ही घालवले.

तो भरती सोडतो म्हणाला, आणि त्याला ते खरंच वाटत होतं. त्या संध्याकाळी तो धावायला गेला नाही.

सकाळी भागाबाई नऊवारी नेसून तयार होती. धुळ्याला चल म्हणाली, डॉक्टरला मला एक विचारायचं आहे.

चामडीचा डॉक्टर तरुण होता. त्याला वाटलं, मावशी पैशाचं विचारणार किंवा दुखेल का ते. तिनं विचारलं, “शाई कथी जास, डॉक्टरसाहेब?”

डॉक्टर हसला, पण कुठं जाते ते नीट सांगितलं. शाई बाहेर येत नाही. किरणांनी तिचा भुगा होतो आणि रक्त तो वाहून नेतं. बराचसा निघून जातो, थोडा मात्र काखेतल्या गाठींत जाऊन बसतो, तो जन्मभर तिथंच.

भागाबाईनं ते पुन्हा एकदा वदवून घेतलं. मग पोराकडे वळून म्हणाली, “भाईर नही जात. मझार जास. काढी टाक.”

आत जातो, एवढ्यावर ती शांत झाली. प्रेमराजच्या अंगावर मात्र काटा आला. इतकी वर्षं नवल निदान बाहीखाली होता, बाही सारली की दिसत होता. पण प्रेमराज आता खुर्चीत बसला होता, हात पुढे केलेला होता, आणि डॉक्टरनं डोळ्यांवर चष्मा चढवला होता.

काही महिन्यांत तिथं फिकट चट्टा तेवढा उरला. मेडिकल झालं, प्रशिक्षण झालं, बंदर मिळालं. भागाबाई फोन करते, इकडचंतिकडचं बोलते, आणि शेवटी आवाज खाली आणून तोही बरा आहे ना, म्हणते. पहिल्यांदा त्यानं फोन ठेवून दिला होता. आता बरा आहे म्हणतो.

सकाळी फाटकाआड हजेरी होते. हवालदार नावं घेत जातो, ‘प्रेमराज रुपचंद’ येतं, आणि हा क्षणभर गप्प राहतो. हवालदार केरळचा, तापट, दर खेपेला झापतो, ऐकू येत नाही का म्हणतो. ऐकू येतं त्याला. आधी दुसरं कुणी ‘हजर’ म्हणतंय का, एवढंच तो पाहत असतो.