मिस्त्रीचे तीन ठिपके

आईने गाडी बाभळीवर घातली ती म्हशीला वाचवायला. हे ती येईल त्याला सांगत होती, पण ऐकतो कोण? बाईमाणसाच्या हाती गाडी दिली की असंच व्हायचं, हे पाहुण्यांनी घरात पाय ठेवायच्या आधीच ठरवलेलं असायचं. आईला खरचटलंही नव्हतं. गाडीचं नाक मात्र पार आत गेलं होतं.

आई कळमेश्वरच्या शाळेत शिकवायची आणि रोज स्वतः गाडी चालवत जायची. बाबा वकील. त्यांनी घरातच निकाल दिला, "गाडी भंगारात. तू उद्यापासून एसटीने जा." आई गप्प बसली. एरवी ती कधीच गप्प नसायची, म्हणून मला फार वाईट वाटलं.

मिस्त्रीनेही 'भंगार' म्हटलं की विषय संपला, या हिशेबाने बाबांनी गाडी ओढत आमच्या नेहमीच्या मिस्त्रीकडे नेली. आई आणि मीही गेलो. मिस्त्री गाडीखाली सरकला, चिखल खरवडला आणि तिथूनच ओरडला, "पट्टी वाकली हाय जी, पण सीधी होते. माह्या जुना जोड पाहा, जरासा बी हालला नाही!"

आपलं काम ओळखू यावं म्हणून तो प्रत्येक जोडावर टोकदार लोखंडी पंच ठोकून तीन ठिपके मारायचा.

"जुना जोड कशाचा?" आईने विचारलं.

"तुमी बाळंतपणाले माहेरी होत्या न, तवा साहेबांनी पुलाच्या कठड्याले ठोकली होती." एवढं बोलून तो बाहेर सरकला, बाबांना पाहिलं आणि त्याने जीभ चावली.

म्हणजे माझ्या जन्माइतकी जुनी गोष्ट. बाबा चष्मा पुसू लागले. मला हसू आवरेना आणि त्यांची कीवही आली.

आता आई भडकणार, असं वाटलं. ती मात्र खाली वाकली, त्या ठिपक्यांवरून तिने बोट फिरवलं.

"तेव्हा किती दिवस लागले होते?"

"आठ."

"मग आताही आठच घ्या."

बाबांनी 'भंगार' हा शब्द पुन्हा काढला नाही.

नवव्या दिवशी गाडी घरी आणताना आईच चालवत होती. बाबा शेजारी, मी मागे. पूल आला तशी तिने गाडी हळू केली.

"इथंच का?"

बाबांनी काच खाली करून कठड्याकडे पाहिलं.

"नाही," ते म्हणाले, "अजून थोडं समोर."