शांततेचा खांब

फुलवंताबाईच्या वाट्याला शेत आलं तेही शिवेवरचं. इकडं आपला नंदुरबार, तिकडं गुजरात. मधल्या नाल्याकाठच्या जमिनीवरून दोन्ही गावच्या भिल्लांनी दोन वर्षांत सात डोकी फोडली. घरोघर सोयरिकी, पण दगड भिरकावताना कुणी मामा पाहिला नाही की मेहुणा. अक्कल गहाण टाकलेली माणसं!

एवढ्या राड्यात एक वाघदेव तेवढा सुटला होता. शिवेवर रोवलेला सागाचा कोरीव खांब तो. वाघबारशीला दोन्ही गावं तिथं कोंबडं देत, आणि त्याच्यापुढं कुणी नांगर नेत नसे. बाईचं शेत देवाला लागून, म्हणून वाचलेलं.

मग शांतता समिती आली. अध्यक्ष जगदीश. ढेकळात कधी पाय घातला नाही, पण शांततेवर तासभर बोलणार. या शहाण्यानं काय करावं? "हे कुजकं लाकूड कशाला?" म्हणत देव उपटला आणि सिमेंटचा पांढरा खांब ठोकला, तोही वीस पावलं अलीकडं, बाईच्या शेतात. तिथून फोटोत डोंगर चांगला येत होता म्हणे! खांबावर अकरा नावं, त्यात शिवेवर राबणारं एकही नाही.

बाई ओरडली, "अरे, ती देवनी जागा शे!"

"मावशी, भांडण आते मिटनं समज," जगदीश हसला.

मिटतंय कसलं! दोन दिवसांत पलीकडचा रेवजी पांढरा खांब हीच शीव धरून नांगर घेऊन थेट तिथपर्यंत आला. वीस पावलं म्हणजे बाईची अर्धी जमीन आणि मोहाचं झाड. गावातले बाप्ये दगड गोळा करू लागले.

"दगडशिवाय काही येस का तुमले?" बाईनं त्यांना झापलं आणि एकटीच जाऊन रेवजीला देवाच्या रिकाम्या खड्ड्याशी आणलं.

"हात घाल खड्डामा, अन् म्हन, मन्हा नांगर बराबर शे."

रेवजी तोंडाचा मोठा, पण हात काही खाली जाईना. वाघदेवाची खोटी शपथ घ्यायची त्याची छाती नव्हती. त्यानं बैल वळवले, आणि दुसऱ्या दिवशी दोघांनी मिळून त्याच खड्ड्यात देवाचा नवा सागाचा खांब रोवला.

वाद मिटल्याचं कळताच जगदीश फोटोवाला घेऊन धावला. श्रेय लाटायला याला कधी उशीर होत नाही. तो पोचला तेव्हा बाई आणि रेवजी कुदळी घेऊन पांढऱ्या खांबाचं बूड मोकळं करत होते.

"काढ फोटो, जगदीशभाऊ," बाई म्हणाली. "दोन्ही गाव एकत्र शेतस."